गिगाहर्ट्झचा आकडा आणि संगणकाचा खरा वेग : पेंटियम ४ आणि अ‍ॅथलॉन यांची तुलना

संगणक विकत घ्यायचा म्हटले, की दुकानदाराच्या दरपत्रकावर सर्वांत ठळक अक्षरांत दिसणारा आकडा बराच काळ एकच होता. तो म्हणजे प्रोसेसरचा वेग. 'पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्झ' असे वाचले, की १.८ गिगाहर्ट्झचा संगणक त्याच्यापुढे फिका वाटे आणि आकडा मोठा म्हणून दामही मोठा, हे ग्राहक मुकाट मान्य करी. इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांमधील स्पर्धेने २००० ते २००६ या काळात हा समज मुळापासून हलविला. इंटेलचा पेंटियम ४ आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन हे त्या काळचे दोन प्रतिस्पर्धी. त्यांच्यापैकी सरस कोण, या प्रश्नाचे उत्तर वर्षागणिक आणि कामागणिक बदलत गेले. ते का बदलले, हे समजून घेतल्यास आजही प्रोसेसर निवडताना फसगत टळू शकते.

हा प्रश्न केवळ महानगरांतील हौशी मंडळींचा नव्हता. पेठ-सांगली रस्त्यावरील आष्टा हे वाळवा तालुक्यातील नगरपालिकेचे गाव. उसाच्या शेतीवर पोसलेले. येथील अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय १९९९ साली सुरू झाले आणि त्याच वर्षी एएमडीने पहिला अ‍ॅथलॉन बाजारात आणला. म्हणजे या महाविद्यालयाच्या आरंभीच्या तुकड्या शिकत होत्या तो काळ नेमका या स्पर्धेचा होता. अशा गावात संगणक घेणारा कोणी विद्यार्थी असे, कोणी लग्नपत्रिका छापणारा मुद्रक, कोणी सहकारी संस्थेचा हिशेबनीस. प्रत्येकाचे काम वेगळे, पण दरपत्रकावरचा आकडा मात्र सर्वांसाठी एकच.

पुण्यात जन्मलेला दुवा

या दोन कंपन्यांच्या इतिहासात एक नाव दोन्हीकडे आढळते. विनोद धाम यांचा जन्म पुण्यात झाला. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. १९९३ साली आलेल्या मूळ पेंटियमच्या निर्मितीत त्यांचा वाटा मोठा होता, म्हणून 'पेंटियमचे जनक' हे बिरुद त्यांना चिकटले. (एवढ्या गुंतागुंतीच्या वस्तूला एकच जनक असतो, असे मानणे भाबडेपणाचे आहे, ही गोष्ट वेगळी.) १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यावर उभा राहिलेला के-६ हा प्रोसेसर एप्रिल १९९७ मध्ये इंटेलच्या विरोधात बाजारात उतरला. २०२५ मध्ये भारत सरकारने धाम यांना पद्मभूषण सन्मान जाहीर केला. के-६ नंतरची एएमडीची पुढची पायरी म्हणजे अ‍ॅथलॉन.

अ‍ॅथलॉनने आल्याबरोबर इंटेलला घाम फोडला. सेकंदाला एक अब्ज ठोके, म्हणजेच १ गिगाहर्ट्झ, हा टप्पा ६ मार्च २००० रोजी एएमडीने आधी गाठला. इंटेलचा पेंटियम ३ दोन दिवसांनी तेथे पोहोचला. घाईघाईत आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलला परत मागवावा लागला. अशा पार्श्वभूमीवर २० नोव्हेंबर २००० रोजी पेंटियम ४ आला, तो थेट १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचे आकडे घेऊन.

ठोके किती आणि ठोक्यागणिक काम किती

गिगाहर्ट्झ हे घड्याळाचे माप आहे, कामाचे नव्हे. प्रोसेसरच्या आतील घड्याळ सेकंदाला किती ठोके देते, एवढेच ते सांगते. एका ठोक्यात सरासरी किती आज्ञा पूर्ण होतात, हा दुसरा आकडा. दरपत्रकावर तो कधीच नसतो. आष्ट्याच्या परिसरात ही गोष्ट समजावून सांगण्यास उसाची वाहतूक पुरेशी आहे. दिवसात कारखान्यावर किती खेपा झाल्या, एवढ्यावरून किती ऊस पोहोचला हे कळत नाही. बैलगाडीची खेप आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांची खेप यांतला माल सारखा नसतो. खेपांची संख्या गुणिले खेपेतला माल, हाच खरा हिशेब.

समजा, एक प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि ठोक्यामागे सरासरी एक आज्ञा पूर्ण करतो, तर सेकंदाला २.४ अब्ज आज्ञा झाल्या. दुसरा १.८ गिगाहर्ट्झवरच चालतो, परंतु ठोक्यामागे सरासरी १.४ आज्ञा उरकतो, म्हणजे सेकंदाला २.५२ अब्ज. आकड्याने लहान असलेला दुसरा प्रोसेसर येथे पाच टक्के पुढे आहे. हे आकडे समजण्यापुरते कल्पिले आहेत. पेंटियम ४ आणि अ‍ॅथलॉन यांच्यातील भेद मात्र नेमका याच जातीचा होता.

पेंटियम ४ च्या रचनाकारांनी अधिक ठोक्यांचा मार्ग निवडला. त्यासाठी एका आज्ञेचे काम अधिक बारीक टप्प्यांत वाटले. अ‍ॅथलॉनमध्ये साध्या पूर्णांकी आज्ञेला दहा टप्पे होते, तर पहिल्या पेंटियम ४ मध्ये वीस. टप्पा जितका लहान, तितका तो लवकर उरकतो आणि घड्याळ तितके जलद चालविता येते. परंतु प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पावलोपावली 'असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर' असे फाटे असतात. फाट्यावर निर्णय होईपर्यंत थांबून राहणे परवडत नाही, म्हणून प्रोसेसर अंदाजाने एक वाट धरून पुढच्या आज्ञा आत घेत राहतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. चुकला, तर वाटेवरच्या साऱ्या आज्ञा टाकून देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. उसाच्या गाड्यांची लांबलचक रांग भलत्याच फाट्याला वळली, तर दहा गाड्या माघारी फिरविण्यापेक्षा वीस गाड्या फिरविण्यास अधिक वेळ जाणार, हे उघड आहे. पेंटियम ४ चे दुखणे ते हेच. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या 'प्रेस्कॉट' या त्याच्या सुधारित आवृत्तीत तर टप्प्यांची संख्या ३१ वर गेली.

नावातील आकड्यांचा घोळ

आकड्यांच्या या खेळात एएमडीची मोठी पंचाईत झाली. काम अधिक होत असूनही पत्रकावर आकडा लहान दिसे. म्हणून ऑक्टोबर २००१ मध्ये अ‍ॅथलॉन एक्सपी आणताना कंपनीने नावातून गिगाहर्ट्झ काढून टाकले आणि त्याजागी स्वतःचा क्रमांक घातला. १५००+ हा प्रोसेसर प्रत्यक्षात १३३३ मेगाहर्ट्झवर चाले, २४००+ हा २००० मेगाहर्ट्झवर. हा क्रमांक आपल्याच जुन्या अ‍ॅथलॉनच्या तुलनेत आहे, असे कंपनीचे म्हणणे. ग्राहक मात्र तो पेंटियम ४ च्या मेगाहर्ट्झशी ताडून पाहत, आणि त्यांनी तसे पाहावे हीच कंपनीची इच्छा असावी.

या पद्धतीतील ढिलाई दोनच वर्षांत उघड झाली. मे २००३ मधील अ‍ॅथलॉन एक्सपी ३२००+ हा २२०० मेगाहर्ट्झवर चालत असे आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला अ‍ॅथलॉन ६४ ३२००+ हा २००० मेगाहर्ट्झवर. नावातील आकडा तोच. दोन्ही शेजारी ठेवून चालविले, तर कमी मेगाहर्ट्झचा दुसरा बहुतेक कामांत स्पष्टपणे पुढे जाई.

इंटेलच्या बाजूलाही सारे आलबेल नव्हते. स्वस्त संगणकांत बसविला जाणारा सेलेरॉन हा २.४ गिगाहर्ट्झचा असे, तसाच पेंटियम ४ देखील. परंतु प्रोसेसरच्या आतील जलद स्मृती, जिला कॅशे म्हणतात, ती पेंटियम ४ च्या त्या आवृत्तीत ५१२ किलोबाइट होती आणि सेलेरॉनमध्ये केवळ १२८. लागणारी माहिती जवळच्या कॅशेत सापडली नाही, की ती दूरच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते आणि तेवढा वेळ प्रोसेसर हात बांधून बसतो. 'दोन पॉइंट चार'चा संगणक स्वस्तात मिळाला म्हणून खूश झालेल्या कितीतरी घरांत हा सेलेरॉन होता. या दोन कंपन्यांच्या भांडणापेक्षा एकाच कंपनीच्या दोन नावांमधला हा फरक सामान्य ग्राहकाला अधिक महागात पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोणत्या कामात कोण पुढे

सुरुवातीचा १.५ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ अनेक नेहमीच्या कामांत १.२ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉनपेक्षा मागे पडे. काही चाचण्यांत तर तो इंटेलच्याच पेंटियम ३ ची बरोबरी करू शकला नाही. जानेवारी २००२ मध्ये १३० नॅनोमीटर तंत्रावरील, दुप्पट कॅशे असलेली आवृत्ती आली आणि पारडे फिरू लागले. २००३ च्या मध्यास ३ गिगाहर्ट्झच्या पुढे गेलेला पेंटियम ४ अ‍ॅथलॉन एक्सपीला बहुतेक चाचण्यांत मागे टाकत होता. या टप्प्यावर एएमडीचे क्रमांक फाजील उदार झाले होते, हे मान्य केले पाहिजे.

कामाच्या स्वरूपानुसार चित्र असे दिसे. चित्रफितीचे रूपांतर, गाण्यांचे एमपी-३ मध्ये संकोचन, अशा एकसुरी आणि फाटे कमी असलेल्या कामांत पेंटियम ४ सरस ठरे, कारण एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या त्याच्या एसएसई-२ या नव्या आज्ञांचा तेथे पुरेपूर उपयोग होई. त्याउलट जुन्या पद्धतीने लिहिलेले अभियांत्रिकी गणन, त्रिमितीय चित्रांची आखणी, प्रोग्रॅमचे कंपायलिंग यांत अ‍ॅथलॉन पुढे असे. सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या अ‍ॅथलॉन ६४ ने स्मृतीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आतच घेतले. त्यामुळे माहिती येण्यातील विलंब कमी झाला आणि खेळांमध्ये त्याचे वर्चस्व प्रस्थापित झाले. त्याच प्रोसेसरने आणलेली ६४ बिटांची आज्ञाप्रणाली पुढे इंटेललाही स्वीकारावी लागली. काही संगणक प्रणालींमध्ये आजही तिचा उल्लेख 'एएमडी६४' असाच केला जातो, मग आतला प्रोसेसर इंटेलचा का असेना.

आष्ट्याच्या मुद्रकाला यातून काय घ्यायचे होते? श्रीलिपीसारख्या पॅकेजवर मजकूर जुळविण्यास दोन्हींपैकी कोणताही प्रोसेसर पुरून उरे. फोटोशॉपमध्ये फ्लेक्स फलकाची अवाढव्य फाइल उघडताना मात्र प्रोसेसरपेक्षा रॅम अपुरी पडण्याचा संभव अधिक. १२८ मेगाबाइट रॅमचा पेंटियम ४ आणि ५१२ मेगाबाइटचा साधा अ‍ॅथलॉन यांत दुसराच संगणक अधिक कामाचा होता.

चाचण्यांवरच आक्षेप

प्रोसेसरची तुलना ठरावीक चाचणी प्रोग्रॅमांवरून केली जाते. त्या चाचण्या कोण लिहितो, त्यांत कोणत्या कामाला किती वजन दिले जाते, यावर निकाल अवलंबून असतो. सिसमार्क या प्रसिद्ध चाचणीबाबत एएमडीचा आक्षेप असा, की तिच्या २००२ च्या आवृत्तीत पेंटियम ४ ला अनुकूल कामांचे प्रमाण वाढविले गेले. पुढे २०११ मध्ये एएमडी ही चाचणी तयार करणाऱ्या संघटनेतूनच बाहेर पडली. पेंटियम ४ च्या आरंभीच्या काळात चाचण्यांचे निकाल फुगविले, असा आरोप करणारा ग्राहकांचा दावा अमेरिकेत बरीच वर्षे चालला. २०१४ मध्ये तडजोड होऊन पात्र ग्राहकांना प्रत्येकी १५ डॉलर देण्याचे ठरले. इंटेलने आरोप मान्य केला नाही. ही भरपाई अमेरिकेतील ग्राहकांपुरती होती. आपल्याकडच्या ग्राहकाला त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक वाद कंपायलरचा. प्रोग्रॅमरने लिहिलेली भाषा प्रोसेसरच्या भाषेत उतरविणारे साधन म्हणजे कंपायलर. इंटेलच्या कंपायलरने तयार केलेले प्रोग्रॅम चालताना प्रोसेसर कोणत्या कंपनीचा आहे हे तपासत आणि तो इंटेलचा नसल्यास संथ वाट धरीत, अशी तक्रार होती. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने एएमडीशी सर्व वाद मिटविताना सव्वा अब्ज डॉलर दिले. २०१० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार कंपायलरविषयीची ही बाब उघडपणे कळविण्याचे बंधन इंटेलवर आले.

पीक-आकडा आणि प्रत्यक्ष आकडा यांतील अंतर महासंगणकांनाही चुकलेले नाही. पुण्यात टाटा समूहाच्या सीआरएल या संस्थेने उभारलेला 'एका' महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा आला. सेकंदाला १७० लाख कोटींच्या आसपास क्रिया ही त्याची कागदावरची कमाल होती, मानांकनाच्या चाचणीत त्याने ११७.९ लाख कोटी करून दाखविल्या. तोही इंटेलच्याच झिऑन प्रोसेसरवर बांधलेला होता.

उष्णता, वीज आणि पत्र्याचे छप्पर

तुलनेतील जी बाब परदेशी चाचण्यांत तळटीपेत जाई, ती आपल्याकडे मुख्य होती. प्रेस्कॉट जातीच्या ३.४ गिगाहर्ट्झ पेंटियम ४ साठी इंटेलने १०३ वॅट उष्णतेचे मान दिले होते. अ‍ॅथलॉन ६४ चे मान सुरुवातीला ८९ वॅट होते, ९० नॅनोमीटरच्या आवृत्तीत ते ६७ वर आले. दोन्ही कंपन्यांची मोजण्याची पद्धत एक नव्हती. इंटेल जड पण नेहमीच्या कामातील उष्णता धरी, तर एएमडी कमाल मर्यादा. म्हणजे प्रत्यक्षातील फरक कागदावरच्यापेक्षा मोठाच असण्याचा संभव. शिवाय काम नसताना अ‍ॅथलॉन ६४ आपले घड्याळ १ गिगाहर्ट्झपर्यंत खाली आणीत असे.

भरपूर कामात ४० वॅटचा फरक धरला, तर दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस या हिशेबाने एका संगणकामागे ९६ युनिट होतात. पन्नास संगणकांच्या प्रयोगशाळेत हाच आकडा ४८०० युनिटांवर जातो. खोली थंड ठेवण्याचा खर्च त्यात नाही. भारनियमनाच्या त्या वर्षांत बिलापेक्षाही मोठा प्रश्न बॅटरीचा होता. घरगुती यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात आणि जोराने उपसा केल्यास त्यांतील बराच भाग हाती लागत नाही. काचेच्या नळीचा मॉनिटर आणि तापट प्रोसेसर यांच्या जोडीला ती काही मिनिटेच पुरे. केलेले काम साठवून संगणक बंद करण्यास तेवढी मिनिटे मिळाली, तरी पुष्कळ.

उष्णता सोसण्याच्या बाबतीत मात्र पेंटियम ४ चे श्रेय नाकारता येणार नाही. 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने २००१ साली चालू प्रोसेसरवरील उष्णता शोषणारा पंखा-ठोकळा काढून दाखविला. पेंटियम ४ ने स्वतःचा वेग उतरविला आणि तो जिवंत राहिला. अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून गेला. धुळीने पंखा अडकणे ही आपल्याकडे नित्याची घटना. त्यामुळे हा प्रयोग आपल्यासाठी केवळ करमणूक नव्हता. अर्थात वेग उतरवून जगण्याचीही किंमत असतेच. वातानुकूलित चाचणीगृहात पहिला आलेला प्रोसेसर मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तोच वेग देईल, याची हमी कोणी देत नव्हते.

याच उष्णतेने शेवटी पेंटियम ४ चा घास घेतला. ४ गिगाहर्ट्झची जाहीर केलेली आवृत्ती इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केली. २७ जुलै २००६ रोजी आलेल्या कोअर २ ड्युओने टप्पे १४ वर आणले आणि ठोक्यागणिक काम वाढविले. २.४ गिगाहर्ट्झचा ई-६६०० हा ६५ वॅटमध्ये ३ गिगाहर्ट्झच्या पुढील पेंटियमांना आणि त्या वेळच्या बहुतेक अ‍ॅथलॉनांनाही मागे टाकू लागला. आपला आधीचा मार्ग चुकला, हे इंटेलने असे कृतीनेच कबूल केले.

काम मोजा, मग प्रोसेसर

वारणा नदीपलीकडे असलेल्या वारणानगरचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. १९९८ मध्ये तेथील सहकारी संस्थांच्या साहाय्याने कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकांनी जोडण्याची 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. शेतकऱ्याला उसाचे वजन, उचल, खतांची नोंद गावातच कळावी, हा तिचा उद्देश. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा त्या संगणकांवर प्रामुख्याने या थोड्याच आकड्यांची देवघेव होत असल्याचे दिसले. मग काही गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले गेले, आणि ते झाले. जेथे प्रोसेसरच अनावश्यक ठरतो, तेथे त्याच्या वेगाची तुलना कोणत्या आधारावर करायची?

म्हणून तुलना करायची, तर आपल्याच कामाने करावी. आपण रोज वापरतो तीच फाइल आणि तोच प्रोग्रॅम घ्यावा. दोन्ही संगणकांत रॅम, डिस्क आणि प्रणाली शक्यतो सारखी असावी. काम तीनदा करून घड्याळ लावावे आणि मधली वेळ धरावी. पहिल्या खेपेस माहिती डिस्कवरून यावी लागते, म्हणून ती जवळजवळ नेहमीच अधिक भरते. अर्धा तास सलग काम करून पुन्हा मोजावे, म्हणजे तापल्यावर वेग किती उतरतो तेही कळते.

नावे बदलली तरी हा हिशेब बदललेला नाही. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये आणलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्याच घराण्यातील ५८००एक्सपेक्षा कमी गिगाहर्ट्झचा आहे. पण वर रचलेल्या ६४ मेगाबाइट जादा कॅशेमुळे खेळांत तो पुढे जातो आणि चित्रफितीच्या रूपांतरात मागे राहतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ अखेरपासून, एकाच प्रोसेसरमध्ये दमदार आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर येतात. त्यामुळे नुसती कोअरची संख्या पाहणेही आता फसवे झाले आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर विद्युतदाबामुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. इंटेलने ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. या जातीचा जुना संगणक विकत घेणाऱ्याने मदरबोर्डचे बायोस त्यानंतर अद्ययावत केले आहे किंवा नाही, याची विक्रेत्याकडे आधी चौकशी करावी.